तुम्ही विचारलंत म्हणून: चित्रं काढून टेन्शन जातंय व्हय?

मी एक्स्प्रेसिव्ह आर्ट्स थेरपी करते, म्हणजे हालचाल, सूर, चित्रं यांतून मनातलं बाहेर येऊ देणारी थेरपी. त्यामुळं हा प्रश्न मला भाजी मंडईतही विचारतात आणि लग्नाच्या पंगतीतही. "काय ओ ताई, चित्रं काढून टेन्शन जातंय व्हय?" आणि त्याच्या मागोमाग खरा प्रश्न, की तुम्ही तर चित्राबद्दल काहीच सांगत नाही, मग फी कशाची घेता.

खरं सांगू का, सुरुवातीला मी खूप सांगायचे. सांगलीत २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५, त्यावरून अंदाज करा. पाणी ओसरल्यावर मिरजेच्या बाईंबरोबर मी बायकांचा एक ग्रुप घ्यायला लागले. बाई म्हणजे माझ्या गुरू, पण गुरू म्हटलेलं त्यांना अजिबात चालायचं नाही. एक मावशी ब्रश बाजूला ठेवून तळहातानेच कागदावर चॉकलेटी रंग फासत होत्या, अर्धगोल, परत अर्धगोल, आणि मी शहाणी, लगेच म्हटलं, "मावशी, हा पुराचा चिखल ना?" त्यांनी मान हलवली आणि हात थांबला. झालं, पुढं काहीच नाही.

घरी जाताना रिक्षात बाई एवढंच म्हणाल्या, "चिखल तुझा होता गं."

पुढच्या आठवड्यात बाईंनी रंग काढलेच नाहीत, आधी नुसते हात फिरवायला लावले, डोळे मिटून, हवे तसे. मावशींचा हात परत तसाच गोल फिरायला लागला आणि जरा वेळानं त्या गुणगुणायला लागल्या. मग कागद दिला. बाई शेजारी नुसत्या बसून होत्या, छान नाही, वाईट नाही, काही नाही. शेवटी मावशीच बोलल्या, "न्हाई ओ, हे सारवलंय. आईची ओसरी." आणि मग जे रडू आलं ते पुराचं होतं की आईचं, मला आजही माहीत नाही, आणि ते मला माहीत असायची गरज पण नव्हती. (त्यांना विचारूनच लिहितेय हे.)

हालचाल, मग सूर, मग रंग, मग शब्द, एकातून दुसरं निघत जातं. ही पद्धत अमेरिकन थेरपिस्ट नताली रॉजर्सनी मांडली, कॅलिफोर्नियात, त्यावरचं त्यांचं पुस्तक १९९३ चं. त्यांचे वडील कार्ल रॉजर्स, मानसशास्त्र शिकलेल्यांना नाव माहीत असेल. ते म्हणायचे की समोरच्यात बदल व्हायला थेरपिस्टकडून तीन गोष्टी लागतात, आतबाहेर एक असणं, माणूस जसा आहे तसा बिनशर्त स्वीकारणं, आणि त्याच्या जागी उभं राहून समजून घेणं. हे त्यांनी १९५७ मध्ये लिहिलं, पण ते सगळं बसून बोलण्यासाठी होतं, मुलीनं त्यात हात, पाय, रंग आणले. आपल्याकडं जात्यावर बसलेल्या बाईला हे कुणी शिकवायची गरज नव्हती म्हणा, हात फिरला की ओवी आपोआप यायची. पण थेरपीत चित्र सुंदर असायची अट नसते आणि त्याचा अर्थ लावायचा हक्क ज्याचं चित्र त्याचाच, हे मला पुस्तकातून नाही कळलं, त्या रिक्षात कळलं.

आणि हो, हे औषधाच्या जागी नाही. ज्याला झोपच येत नाही किंवा जीव नकोसा झालाय त्याला मी आधी सायकियाट्रिस्टकडे पाठवते, रंग नंतर.

तर फी कशाची? तोंड बंद ठेवायची. हसू नका, एक तास कुणाच्या चित्राला "वा, छान!" न म्हणता बसून बघा.

बाई आता लेकीकडं पुण्याला असतात. परवा मी स्वतः काढलेल्या एका चित्राचा फोटो त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवला, वाटलं आता तरी छान म्हणतील. तासाभरानं उत्तर आलं, "काढताना हात कुठं थांबला?"

चित्र परत समोर घेऊन बघितलं. डाव्या कोपऱ्यात थांबला होता.