अण्णा बारा सेकंद हलले नाहीत

गेल्या ऑगस्टमध्ये अण्णांना घेऊन ठोसेघरला गेले होते. धबधब्यासमोरच्या गॅलरीत कठड्याला टेकून उभे राहत अण्णा म्हणाले, "काढ गं एक फोटो." माझ्या ओल्या बोटानं फोटोऐवजी व्हिडिओ सुरू झाला आणि ते ध्यानात यायला बारा सेकंद गेले. अण्णा मात्र जुन्या स्टुडिओत उभं राहावं तसे, श्वास धरून.

घरी आल्यावर तो व्हिडिओ पुसणार होते. मग वाटलं, सेकंदाला 30 म्हणजे 360 फ्रेम, सुटी चित्रं, आहेत की हातात. धबधब्याचे ते दुधाळ फोटो काढायला शटर काही सेकंद उघडं ठेवतात, त्याला ट्रायपॉड लागतो, काचेवर काळा फिल्टर लागतो. माझ्याकडं दोन्ही नव्हतं. पण 360 फ्रेमची सरासरी काढली तर जवळपास तेच हाती लागायला हवं. मी पॉलिटेक्निकला गणित शिकवते, सरासरीला काय घाबरायचं?

पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा, चित्रं हाताळणारं तिचं ओपनसीव्ही, दहा-बारा ओळींचा कोड. एका फ्रेममध्ये 1920 गुणिले 1080 ठिपके आणि प्रत्येकाचे तीन रंग, म्हणजे 62 लाख आकडे. सगळ्या फ्रेम दशांश अपूर्णांकात एकदम मेमरीत घ्यायच्या तर 9 जीबी लागतात, माझ्या लॅपटॉपला आहे 8. म्हणून एकेक फ्रेम वाचायची, बेरजेत मिळवायची, सोडून द्यायची. इथवर ठीक होतं. बेरजेसाठी मात्र मी शहाणपणा करून 16 बिटांचे पूर्णांक घेतले.

चित्र आलं ते बघून हसावं की रडावं कळेना. अण्णांचा चौकड्यांचा शर्ट छान, कातळ छान, पण आभाळ काळपट आणि अण्णांची पांढरी टोपी कोळशाच्या पोत्यातनं काढल्यासारखी. 16 बिटांत मावणारा सगळ्यात मोठा आकडा 65,535. ठिपक्याच्या एका रंगाचा आकडा 0 ते 255, लख्ख पांढऱ्याचा 255. 65,535 ला 255 नं भागलं की बरोबर 257. म्हणजे लख्ख पांढऱ्या ठिपक्याची बेरीज 257 फ्रेमपर्यंत मावते आणि 258व्या फ्रेमला जुन्या स्कूटरच्या मीटरसारखी शून्यावर येऊन परत चढायला लागते. पायथनमध्ये ही आकडेमोड करणारं नमपाय यावर चकार शब्द काढत नाही. आठ सेकंदांचा व्हिडिओ असता तर मला हे कधी कळलंही नसतं.

बेरीज दशांशात नेली, टोपी पांढरी झाली. तरी पाण्याची चमक गेलेली, ताकात पाणी जास्त झाल्यावर दिसतं तसं. कारण व्हिडिओतले आकडे उजेडाच्या प्रमाणात नसतात. 255 पैकी 128 म्हणजे अर्धा उजेड नव्हे, जेमतेम 22 टक्के. म्हणून आधी प्रत्येक आकड्याचा सुमारे 2.2 वा घात करून खरा उजेड काढायचा, त्याची सरासरी घ्यायची आणि शेवटी उलट घात करून परत यायचं. एवढ्या दोन ओळींनी पाणी उजळलं.

हात हलल्यामुळं फ्रेम एकमेकांवर बसवणं हे वेगळंच त्रांगडं. अण्णा माझ्यापासून तीन मीटरवर, समोरचा कडा दरीपलीकडं. हात दोन सेंटिमीटर सरकला की अण्णा सरकतात, कडा जागचा हलत नाही. कड्याला धरून फ्रेम बसवल्या तर अण्णा पुसट, अण्णांना धरून बसवल्या तर कडा. मी अण्णांना धरलं.

मागून मक्याचं कणीस खात गेलेला पोरगा चित्रात उरला नाही. 1838 साली दागेर या सुरुवातीच्या फोटोग्राफरनं कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवून पॅरिसच्या रस्त्याचा फोटो काढला तेव्हा अशीच सगळी वर्दळ नाहीशी झाली. बूट पॉलिश करून घेत थांबलेला एक माणूस तेवढा उमटला. अण्णा तसे उमटले, फक्त तोंडाशी जरा धुरकट. आवाज लावून व्हिडिओ पुन्हा बघितला तेव्हा कारण सापडलं. नवव्या सेकंदाला ते पुटपुटलेत, "झालं का?"

मग हुरूप आला आणि त्याच दिवशी चाळकेवाडीच्या पठारावर घेतलेला पवनचक्कीचा व्हिडिओ त्याच कोडमधनं काढला. पाती गायब, नुसता खांब! सरासरीऐवजी प्रत्येक ठिपक्याचा सगळ्यात उजळ आकडा घेतला, दिवाळीच्या भुईचक्राला करतात तसं. आता पाती आली, पण एकमेकांपासून सुटी सुटी, छत्रीच्या काड्यांसारखी. मधल्या आसाजवळ गच्च, टोकांना फटी.

फोननं शटर 1/500 सेकंदाचं ठेवलं होतं. सेकंदाला 30 वेळा, म्हणजे बारा सेकंदांच्या व्हिडिओत ते एकूण पाऊण सेकंदही उघडं नव्हतं. उरलेल्या सव्वाअकरा सेकंदांत पातं कुठून कुठं गेलं हे कॅमेऱ्यानं पाहिलेलंच नाही, तर कोड कुठून आणणार? धबधब्याचंही तसंच होतं, पण पाण्याची धार दर फ्रेमला वेगळी फुटते, त्यामुळं फटी आपोआप बुजतात. पातं ठरलेल्या वाटेनं फिरतं, ते लबाडी उघडी पाडतं. दोन फ्रेमच्या मधली फ्रेम अंदाजानं बनवणारा कोडही लावून पाहिला. त्यानं पाती वितळवली.

पुढच्या रविवारी परत चाळकेवाडीला गेले. शटर हातानं लांबवलं आणि जादा उजेड अडवायला लेन्ससमोर अण्णांचा गॉगल धरला. 1/60 पर्यंत आले. सगळं जरा हिरवट झालं, पण फटी बऱ्याच बुजल्या.

ठोसेघरचं चित्र अण्णांना दाखवलं. बराच वेळ बघत बसले. "टोपी चांगली आलीय," म्हणाले. मग, "पण पाणी असं नव्हतं गं. आवाज केवढा होता त्याला."

नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांनी मूळ व्हिडिओच टाकला.