प्रीअँपमध्ये फेज उलटी होते, ती मी तशीच ठेवली

कुडाळला घरासाठी व्हॉल्व्हचा (जुन्या धाटणीच्या काचेच्या नळीचा) प्रीअँप, म्हणजे पॉवर अँपच्या आधी लावायचा डबा, बांधायला घेतला तेव्हा सोल्डरिंगपेक्षा जास्त वेळ सर्किट ठरवण्यात गेला, आणि सगळं अडलं होतं अ‍ॅबसोल्यूट फेजपाशी. म्हणजे रेकॉर्डिंगच्या वेळी माईकवर हवेचा दाब वाढला तर घरी स्पीकरचा कोन बाहेरच यायला हवा, आत जाता कामा नये.

आता अडचण अशी की व्हॉल्व्हची साधी एक स्टेज, ग्रिड नावाच्या टोकाला सिग्नल आणि प्लेट नावाच्या टोकावरून आउटपुट, सिग्नल उलटा करते. मी १२एयू७ नावाचा व्हॉल्व्ह घेतला होता. त्याच्या एका बाटलीत दोन ट्रायोड, म्हणजे सिग्नल वाढवणारे दोन वेगळे भाग, असतात, त्यामुळे दुसरा अर्धा भाग कशाला वापरायचा हे आपल्या हातात. तशीच दुसरी स्टेज लावली तर फेज परत सुलट होते पण गेन (सिग्नल किती पट होतो ते) नको तेवढा वाढतो, एकेका स्टेजचा १४-१५ धरला तरी दोन मिळून २०० च्या घरात. सीडी प्लेअरच मुळात २ व्होल्ट देतो, मग एवढा गेन करायचा काय? तो फीडबॅकने (आउटपुटचा थोडा भाग इनपुटला परत देऊन) खाली आणायचा नाहीतर व्हॉल्यूम कायम तळाशी ठेवायचा, वर स्टेज जोडणारा अजून एक कपलिंग कॅपॅसिटर आणि अजून थोडी खरखर. दुसरा पर्याय कॅथोड फॉलोअर, म्हणजे प्लेटऐवजी कॅथोड नावाच्या टोकावरून आउटपुट घ्यायचं. तो गेन देत नाही, फेजही फिरवत नाही, पण आउटपुट इम्पीडन्स (पुढच्या यंत्राला सिग्नल देताना होणारा अडथळा) छान खाली आणतो. माझ्या पॉवर अँपचा इनपुट १० किलोओहमचा, म्हणजे व्हॉल्व्हच्या मानाने कमी, असल्यामुळे मला तेच हवं होतं. फेज उलटीच राहणार, पण राहू दे म्हटलं, कारण ती स्पीकरच्या वायरी बदलून फुकटात सुलट करता येते.

खरं लक्ष द्यायला हवं ते आउटपुटच्या कॅपॅसिटरकडे. बऱ्याच सर्किटमध्ये ०.४७ मायक्रोफॅरड दाखवतात, तो १० किलोओहमवर ३४ हर्ट्झलाच ३ डीबी खाली येतो, म्हणजे ताकद निम्मी होते, आणि १०० हर्ट्झलाही फेज १९ अंशांच्या आसपास सरकवतो. हे वायर बदलून सुधारत नाही! २.२ मायक्रोफॅरडचा फिल्म कॅपॅसिटर टाकला की तोच आकडा ७ हर्ट्झवर जातो. डब्यात जागा खातो खरा, पण मी तिथे पैसे घालायला मागेपुढे पाहिलं नाही.

तपासणी सोपी आहे. ऑसिलोस्कोपच्या (सिग्नलचा आकार दाखवणाऱ्या यंत्राच्या) एका चॅनेलला इनपुट, दुसऱ्याला आउटपुट, आणि सिग्नल करवतीच्या दातासारखा द्यायचा म्हणजे उलटा झालेला लगेच दिसतो. स्पीकरला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवायचा, प्लस लाल टर्मिनलला, वूफर 'टप्' करून बाहेर आला की बरोबर. जेबीएल कंपनीच्या जुन्या स्पीकरमध्ये कोन आत जातो, तिथे गोंधळायचं नाही. मग दोन्ही स्पीकरच्या लाल-काळ्या वायरी अदलाबदल केल्या. दोन्ही म्हणजे दोन्हीच, एकाच बाजूची फिरवली तर बेस मधल्यामध्ये मरतो. वेगळा सबवूफर याच प्रीअँपवरून चालत असेल तर त्याचं ०/१८० बटणही फिरवायचं.

ऐकून पाहायला बाजारातली रेकॉर्डिंग फारशी कामाची नाहीत, कारण स्टुडिओत दहा माईक असतात आणि सगळ्यांची दिशा एकच असेल याची खात्री नसते. म्हणून शेजारच्या अण्णांचा पखवाज एकाच माईकवर रेकॉर्ड केला आणि वायरी फिरवून फिरवून त्यांनाच ऐकवला. कुठली जोडणी कुठली ते त्यांना सांगितलं नव्हतं. एकदा म्हणाले, "ह्या खेपेक थाप वायच फुडे इल्यासारखी वाटता." ती सुलट जोडणी होती. पण गाण्यांवर मला स्वतःला फरक सांगता येत नाही, फरक आहे तो बारीकच, त्याच्यासाठी अख्खी एक स्टेज वाढवावी असा तर नक्कीच नाही.

आता माझ्या चुलतभावाला असाच प्रीअँप हवाय, आणि त्याचे स्पीकर अ‍ॅक्टिव्ह आहेत, म्हणजे अँप आतच असतो, बदलायला वायरीच नाहीत. त्याच्यासाठी आउटपुटला ट्रान्सफॉर्मर लावायचा विचार चाललाय, सेकंडरी (आउटपुटकडची गुंडाळी) उलटी जोडली की फेज सुलट आणि ग्राउंड लूपची (अर्थिंगच्या दोन वाटांमुळे येणारी) हमही जाईल, फक्त खालचा बेस नीट देणारा ट्रान्सफॉर्मर महाग पडतो, त्यामुळे आधी भावाचं बजेट विचारायचंय.