घोटी ते आमणे पन्नास मिनिटं, पुढं ठाणं पावणेदोन तास

मावसभावाच्या मुलीचा साखरपुडा ठाण्याला होता, मुहूर्त सकाळी आठचा. जाताना समृद्धी महामार्गानं जायचं आणि येताना जुन्या कसारा घाटानं यायचं, हे मी आधीच ठरवून टाकलं होतं. गाडीत आम्ही चौघं: मी, बायको, सासरे आप्पा आणि मेव्हणा. आप्पांची नोकरी बांधकाम खात्यात झाली. मैलकुल्यांच्या, म्हणजे रस्त्यावरच्या मजुरांच्या टोळीबरोबर साइडपट्ट्या आणि रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या मोऱ्या साफ करून घेण्यातच त्यांचे सगळे पावसाळे गेले. मेव्हण्याची दिंडोरीकडं द्राक्षबाग. सुरत-चेन्नई महामार्गाची आखणी आली तेव्हा त्याच्या बांधावरही खुणा झाल्या होत्या. हे दोघं मागच्या सीटवर शेजारी बसल्यावर काय होणार, ते बायकोनं आधीच ओळखलं होतं. ती पुढं बसली आणि पाथर्डी फाट्याच्या आत झोपली.

सव्वापाचला नाशिकचं घर सोडलं. विल्होळी, वाडीवऱ्हे, गोंदे, घोटी. अंतर पस्तीसेक किलोमीटरच, पण कंपन्यांच्या बस सुरू झाल्या की या पट्ट्यात गाडी रांगते. आम्हाला पन्नास मिनिटं लागली आणि तीही पहाटे. सातनंतर निघणार असाल तर सव्वा तास धरून चला. पेट्रोल, चहा, लघवी, सगळं घोटीच्या आधीच उरकून घ्या. आत शिरल्यावर जुन्या रस्त्यासारखी दर वळणाला टपरी नाही.

समृद्धी नाशिकला आली असं आपण म्हणतो, पण ती शहराला शिवतच नाही. ७०१ किलोमीटरपैकी शंभरेक किलोमीटर नाशिक जिल्ह्यात आहेत, ते सगळे सिन्नर आणि इगतपुरी तालुक्यांत. म्हणजे मुंबईला जायचं तर आधी इगतपुरीजवळ पिंपरी सदोला पोचा, नागपूरला जायचं तर सिन्नरच्या पुढं गोंद्याला. इथं एक इशारा. गोंदे दोन आहेत. एक मुंबई रस्त्यावरचं, कारखान्यांचं. दुसरं सिन्नर तालुक्यातलं, पुणे रस्त्यावरचं, आणि समृद्धीचं इंटरचेंज या दुसऱ्यापाशी आहे. दिवाळीत नागपूरहून येणाऱ्या पाहुण्यांना आम्ही फोनवर ‘गोंद्याला उतरा’ एवढंच सांगितलं आणि त्यांना घ्यायला काकासासरे मुंबई रस्त्यावरच्या गोंद्याला जाऊन उभे राहिले, दीड तास. तेव्हा पत्ता देताना ‘सिन्नरचं गोंदे’ असं पूर्ण सांगा.

पिंपरी सदोला आत शिरलो. इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. मोटारीला किलोमीटरमागे २ रुपये ६ पैसे असा दर एप्रिल २०२५ पासून आहे, म्हणजे या टप्प्याचे दीडशेच्या वर जातात. घोटीचा टोल वेगळा. फास्टॅगमध्ये जाण्यायेण्याचे पैसे आदल्या रात्रीच टाकून ठेवा. दुचाकी आणि रिक्षा आत सोडत नाहीत.

मग बोगदा. जवळपास ८ किलोमीटरचा, येण्याचा आणि जाण्याचा वेगळा, खुला झाला तेव्हा राज्यातला सगळ्यात लांब. बाहेर सपाटीवर १२० ची मर्यादा आहे, घाटाच्या भागात १००. ती पाळली तरी पाच मिनिटांत पलीकडं. कसारा उतरताना उलटी होईल म्हणून बायकोनं पर्समध्ये लिंबू आणि आलेपाक ठेवला होता, तो तसाच राहिला. आप्पांनी अर्ध्या बोगद्यात चप्पल काढली, छताकडं बघितलं आणि हात जोडले. म्हणाले, “घाटनदेवी इथंच कुठंतरी डोक्यावर असेल. रस्ता बदलला म्हणून नमस्कार चुकवायचा का?”

बाहेर पडलो तेव्हा उजाडलं होतं. उंच पुलांवरून शहापूरचे डोंगर दिसले. घोटीपासून आमण्यापर्यंत, मधे एकदा थांबून आप्पांना पाय मोकळे करू दिले ते धरून, पन्नास मिनिटं. मेव्हणा खूश. “बघा दाजी, याला म्हणतात रस्ता. असाच नाशिक-पुणे करा, वाढवण बंदराचा करा, सुरत-चेन्नई करा.”

“आणि सुरत-चेन्नई तुझ्या बागेतून गेला तर?”

“जाऊ द्या की. पैसे समृद्धीवाल्यांना मिळाले तसे द्या. आणि बाग दोन्हीकडं तुटली तर पलीकडं ट्रॅक्टर न्यायला बोगदा द्या. चार किलोमीटरचा वळसा मारून फवारणी होत नसते.”

हे त्याचं म्हणणं मला पटतं. समृद्धीलाही जागा सहज मिळाली नव्हती. २०१७ साली शिवड्यासारख्या गावांनी मोजणी अडवली. आधी जमिनी एकत्र करून बदल्यात विकसित भूखंड देण्याची योजना होती, ती कुणाला नको होती. थेट खरेदीनं रोख रक्कम येऊ लागली तेव्हा गाडं हललं. सुरत-चेन्नईच्या १२७१ किलोमीटरच्या मूळ आखणीत सुरगाणा, पेठ, दिंडोरी, नाशिक, निफाड, सिन्नर असे आपले तालुके आले, आणि इथल्या शेतकऱ्यांची तक्रार रस्त्यापेक्षा मोबदल्याबद्दलच जास्त आहे.

हा वाद रंगात होता तेवढ्यात आमणं संपलं आणि वडप्याला जुना रस्ता लागला. वडपे ते माजिवडा हे जेमतेम चोवीस किलोमीटर, आठपदरी करण्याचं काम चाललेलं. रांजणोली, माणकोली, खारेगाव, साकेत. प्रत्येक नावाला वीस-पंचवीस मिनिटं. एका ठिकाणी पुढच्या ट्रेलरच्या मागं ‘हॉर्न ओके’ लिहिलेलं होतं, त्यातल्या ‘ओ’च्या आत कुणीतरी खडूनं डोळे काढले होते, ते तोंड अर्धा तास आमच्याकडं बघत होतं. आमण्यापासून हॉलच्या दारापर्यंत एक तास सेहेचाळीस मिनिटं. अंगठ्या घालून झाल्या होत्या, फोटो चालू होते.

म्हणून सांगतो, नाशिकहून ठाण्याला निघताना हिशोब बोगद्यावरून करू नका. वडप्यापासून उलटा करा. तिथं साडेसहाच्या आत पोचत असाल तरच समृद्धीचा वेळ हाती राहतो. म्हणजे नाशिक साडेचारला सोडा. त्यापेक्षा उशीर होणार असेल तर सरळ दुपारी निघा. कल्याणकडं जायचं असेल तर मात्र समृद्धी सोयीची आहे, ठाण्याकडची रांग तुमच्या वाट्याला येणार नाही.

परतताना जुना रस्ता. पडघा, वाशिंद, आसनगाव, शहापूर, खर्डी. ऊन उतरत होतं, तरी ट्रकांची रीघ होती. खर्डीच्या अलीकडं खड्डा चुकवता चुकवता डावं चाक दुसऱ्या खड्ड्यात गेलं. तो खड्डा डांबरानं नाही, पेव्हर ब्लॉकनं बुजवलेला होता आणि त्यातले दोन ब्लॉक उखडून उभे राहिले होते. टायर गेलं, रिंग वाकली. पंक्चरवाल्यानं हातोडीनं ती गोल करताना मी विचारलं, समृद्धी झाल्यापासून धंदा कमी झाला का? तो म्हणाला, “गाड्या कमी झाल्या, खड्डे वाढले. हिशोब तोच.” जुन्या रस्त्यानं जाणाऱ्यांनी स्टेपनीत हवा आहे का ते घरीच बघून घ्या. आमच्या स्टेपनीत नव्हती.

आप्पा खाली उतरून त्या खड्ड्यापाशी उकिडवे बसले होते. साइडपट्टी रस्त्यापेक्षा चार बोटं वर आलेली, चर मातीनं भरलेला, पाण्याला जायला वाट नाही. त्यांनी काडीनं मेव्हण्याला ती उंची दाखवली. “रस्ता गाड्यांनी मरत नाही रे, पाण्यानं मरतो. दोन माणसं आणि दोन फावडी असती तर हा खड्डा झालाच नसता. पण फावड्याचं कुणी उद्घाटन करत नाही.”

मेव्हणा गप्प बसणारा नाही. त्याचा मुद्दा असा: त्याच्या द्राक्षांचे कंटेनर आज उरणच्या बंदराला जातात, ते याच चोवीस किलोमीटरमध्ये तापतात. वाढवण बंदर झालं आणि तिथून इगतपुरी तालुक्यातल्या भरवीरला समृद्धीशी जोडणारा शंभरेक किलोमीटरचा मंजूर रस्ता झाला, की ठाण्याचं तोंड बघायला नको. खरंय. पण दिंडोरीहून भरवीरला पोचायचं कसं? नाशिक शहर ओलांडून. शहराभोवतीच्या ज्या सुमारे ६६ किलोमीटरच्या परिक्रमा मार्गाची २०२७ च्या कुंभासाठी घाई चालली आहे, तो मला कुंभापेक्षा या कंटेनरसाठी जास्त गरजेचा वाटतो. आणि नवीन पुणे द्रुतगतीपेक्षा आधी नाशिक-घोटी मोठा करा, वडपे-माजिवडा संपवा आणि जुन्या घाटाच्या मोऱ्या उघडा. कारण दुचाकीवाल्याला समृद्धीवर जाताच येत नाही, त्याला कसारा घाटच आहे. मेव्हणा म्हणतो मी कंजूस आहे. आप्पा म्हणाले, “दाजी बरोबर बोलतायत, पण मोऱ्यांचा नंबर पहिला लावा.”

कसारा घाटात चढणीचा रस्ता उतरणीपासून वेगळा आहे, त्यामुळं समोरून गाडी यायची भीती नाही. पण मालट्रक दोन्ही लेन अडवून एकमेकांशी शर्यत लावतात, आणि पावसाळ्यात धुक्यात त्यांचे मागचे दिवे दिसत नाहीत. अंधाराच्या आत घाट चढून व्हा. इगतपुरीत चहा घेतला, आलेपाक शेवटी तिथं संपला.

नऊला घरी पोचलो. आप्पांनी साखरपुड्याच्या पत्रिकेच्या मागं टोल, रिंग आणि टायरची बेरीज करून ठेवली होती. मेव्हण्याची पिकअप आमच्याकडं लावलेली, ती घेऊन तो लगेच दिंडोरीला निघाला. पाऊण तासानं पोचलास का म्हणून फोन केला, तर मागं हॉर्नचा गोंगाट.

“कुठला पोचतोय दाजी, अजून नाशकात, दिंडोरी नाक्यावरच आहे.”