दीपगृहे कशासाठी जपायची? तुम्ही विचारलंत म्हणून

जहाजाला आपले ठिकाण उपग्रहावरून कळते, मग दीपगृहे कशासाठी जपायची, असे तुम्ही विचारलेत. हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. उपग्रहाचा संकेत बिघडवता येतो आणि तेव्हा किनाऱ्यावरचा दिवाच कामी येतो, हे उत्तर खरेच आहे. माझे कारण मात्र आणखी एक आहे: माणूस समुद्रापुढे कुठे चुकला आणि त्यातून काय शिकला, हे दीपगृहात दगड आणि काच यांच्या रूपाने टिकून आहे.

इंग्लंडच्या एडिस्टन खडकावर हेन्री विन्स्टन्ली यांनी १६९८ मध्ये उभारलेले दीपगृह १७०३ च्या वादळात त्यांच्यासह नाहीसे झाले, आणि त्यानंतरचे १७५५ मध्ये जळाले. मग जॉन स्मीटन यांनी दगडांना खाचा पाडून ते एकमेकांत गुंतवले, पाण्यातही घट्ट होणारा चुना वापरला आणि १७५९ मध्ये तिसरे दीपगृह पुरे केले. ते शाबूत राहिले, झिजला तो त्याच्या पायाखालचा खडक. म्हणून १८८२ मध्ये शेजारी नवे दीपगृह सुरू झाल्यावर जुन्याचा वरचा भाग प्लिमथला नेऊन पुन्हा बांधण्यात आला. त्याचे बूड आजही त्या खडकावर उभे आहे.

काचेची गोष्ट तर मला अधिकच मोलाची वाटते. ऑगस्टिन फ्रेनेल यांचे भिंग १८२३ मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआँ दीपगृहात बसवले गेले. अशा भिंगात मधल्या गोल काचेभोवती लोलकांची कडी पितळी चौकटीत बसवलेली असतात, आणि चहूकडे विखुरणारा उजेड ती क्षितिजाकडे वळवतात. पुढे कित्येक टनांची भिंगे पाऱ्यावर तरंगती ठेवली गेली, ती हाताच्या हलक्या रेट्यानेही फिरत. पारा विषारी असल्यामुळे तो काढणे योग्यच आहे. पण त्या निमित्ताने भिंगच उतरवून ठेवले, तर उरतो तो केवळ मनोरा.

डागडुजीतही आस्थेइतकीच जाण लागते. चुन्यात बांधलेल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की आतली ओल आतच अडकते आणि दगड पोखरला जातो. दिवा विझलेला असला तरी भिंगाभोवतीचे पडदे दिवसा ओढावेच लागतात, कारण सूर्याचे ऊन तेच भिंग एका जागी एकवटते आणि आत आग लागू शकते. दिवा बंद झाला म्हणून दीपगृहाची राखण संपत नाही, ती अशी.