दा नांगच्या किनाऱ्यावरचे गोल्फ कोर्स: कोणते, कधी आणि कोणत्या क्रमाने

व्हिएतनाममधल्या दा नांगला गोल्फसाठी जायचं ठरलं की ग्रुपमध्ये पहिली चर्चा कोर्स आखणाऱ्यांच्या नावांची होते. ग्रेग नॉर्मन, जॅक निक्लॉस, कॉलिन मॉन्टगोमरी, निक फाल्डो, ल्यूक डोनाल्ड, रॉबर्ट ट्रेंट जोन्स ज्युनिअर, सगळ्यांचे कोर्स तासा-दीड तासाच्या अंतरात आहेत. पण नावं बघून बेत केला की हमखास गडबड होते. आधी महिना बघा, मग वारा, मग गाडीचं अंतर. डिझायनर कोण, हे शेवटी.

महिन्याचं सांगायचं तर दिवाळीची सुट्टी इथे सर्वांत वाईट. सप्टेंबर ते डिसेंबर इथला पावसाळा, त्यातही ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे आपल्या कोकणातला जुलै, वर वादळांची भीती. फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून मे सुरू होईपर्यंतचा काळ उत्तम. जून-जुलैत पाऊस कमी, पण ऊन असह्य. तेव्हा साडेसहाच्या आतला टी-टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची ठरलेली वेळ, मिळाला तरच खेळा. सूर्य सव्वापाचलाच उगवतो, त्यामुळे उजेडाची अडचण नसते. डिसेंबर-जानेवारीत कोरियात थंडी असल्याने तिथले ग्रुप मोठ्या संख्येने येतात आणि सकाळचे टी-टाइम आधीच भरतात. त्या दिवसांत निदान शनिवार-रविवार टाळावेत.

मुक्काम दा नांगच्या ‘मी खे’ नावाच्या किनाऱ्यावर किंवा जवळच्या होई आन गावाच्या बाजूला. दोन्हींमध्ये जेमतेम तीस किलोमीटर. चार राउंडचा (एक राउंड म्हणजे 18 होल) बेत असेल तर किनाऱ्यावर मधोमध, मॉन्टगोमरी लिंक्सच्या आसपास राहिलं की रोजची धावपळ वाचते.

पहिला राउंड मॉन्टगोमरी लिंक्सवर घ्यावा. 2009 पासूनचा कोर्स, सुरूची झाडं, वाळूची जमीन, आणि हात बसवायला पुरेशी मोकळीक. याच पट्ट्यात बीआरजी दा नांग गोल्फ रिसॉर्ट आहे आणि त्यात दोन कोर्स आहेत: नॉर्मनचा ड्यून्स आणि निक्लॉसचा. बुकिंगमध्ये फक्त क्लबचं नाव लिहिलं तर एजंट जो मोकळा असेल तो देतो आणि पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, वाद होतात. कोर्सचं नाव लेखी मागून घ्या. एकच खेळायचा असेल तर नॉर्मनचा.

ड्यून्सवर आपल्याकडच्या सवयी नडतात. आपल्याकडे पाऊस झाल्यावरच्या मऊ फेअरवेवर, म्हणजे टीपासून ग्रीनकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, चेंडू पडला की थांबतो. इथे जमीन घट्ट, वाळूवर बसवलेली, आणि ग्रीनभोवतीचं (ग्रीन म्हणजे जिथे भोक असतं तो गुळगुळीत भाग) गवत बारीक कापलेलं. ग्रीनच्या मध्यावर वेजने, म्हणजे चेंडू उंच उडवणाऱ्या क्लबने, टाकलेला चेंडू मागच्या उतारावरून खाली जातो, आणि तिथून पुन्हा उंच चिप मारायला गेलं की चेंडू या बाजूने परत. उपाय जुनाच: ग्रीनच्या आठ-दहा यार्ड अलीकडे चेंडू टाकून तो घरंगळू द्यायचा. ग्रीनबाहेर पाच-सात यार्डांवर असाल तर सरळ पटर घ्या, त्याहून लांब असेल तर सात नंबरच्या आयर्नने ढकला. साठ डिग्रीची वेज बॅगेत राहिली तरी चालेल. सोळावा होल पार-3, म्हणजे तीन फटक्यांत पुरा करायचा, ग्रीन अगदी किनाऱ्यापाशी. लांबी फार नाही, पण वारा अंगावर असेल तर नेहमीपेक्षा एक नंबर लांब मारणारा क्लब घेऊन भागत नाही, दोन नंबर लांबचा घ्यावा लागतो. स्विंग मात्र हळू. वाऱ्यात जोर लावला की चेंडू आणखी उंच चढतो.

समुद्रावरचा वारा बहुतेक दिवस दहाच्या पुढे उचल खातो. म्हणून किनाऱ्यावरचे कोर्स सकाळी आणि आतल्या बाजूचा बा ना हिल्स दुपारनंतर, अशी वाटणी करावी. बा ना डोंगराच्या पायथ्याशी, शहरापासून साधारण पंचवीस किलोमीटर. चढउतार बराच, बग्गीशिवाय (कोर्सवरची छोटी गाडी) पर्याय नाही. फ्लडलाइट आहेत, त्यामुळे तीनचा टी-टाइमही चालतो. मात्र मे-ऑगस्टमध्ये डोंगराकडे दुपारी ढग जमतात. विजांचा भोंगा वाजला की खेळ बंद, आणि पैसे परत मिळण्याचे नियम क्लबागणिक वेगळे. बुकिंग करतानाच विचारून ठेवा.

लागुना लांग को हा फाल्डोचा कोर्स हाय वान घाटाच्या पलीकडे, 2013 चा. भातखाचरांच्या मधून होल जातात, बांधावर म्हशी चरताना दिसतात, पुढे जंगल आणि मग समुद्रकाठ. फोटोंसाठी सगळ्यांना हाच हवा असतो. पण घाट म्हणजे हवामानाची भिंत आहे. हिवाळ्यात ईशान्येचे वारे उत्तरेच्या बाजूला ढग अडवतात: दा नांगला ऊन, आणि घाटातल्या बोगद्याच्या पलीकडे धुकं, गारठा, भुरभुर पाऊस. त्यामुळे हॉटेलच्या खिडकीतून आकाश बघून निघू नका, लांग कोचा अंदाज वेगळा बघा. मार्चच्या आधी जात असाल तर हा कोर्स यादीत शेवटी ठेवा. जाताना सव्वासहा किलोमीटरच्या बोगद्यातून तासाभरात पोहोचता येतं. परतीची टॅक्सी तिथे मिळणं अवघड, म्हणून जाऊन-येऊन, थांबण्यासह गाडी ठरवा.

होइआना शोअर्स शेवटच्या दिवसासाठी. होई आन ओलांडून कुआ दाई पुलाच्या पलीकडे ट्रेंट जोन्स ज्युनिअरने आखलेला हा कोर्स या भागातला सर्वांत चांगला, असं आमचं स्पष्ट मत. वाळूचे ढिगारे, रुंद फेअरवे, आणि वाऱ्याला अडवणारं काहीच नाही. रुंदी बघून मागच्या टीवरून खेळायचा मोह होतो. हँडिकॅप (पारपेक्षा साधारण किती फटके जास्त लागतात तो आकडा) पंधराच्या पुढे असेल तर एक टी पुढे या. वाऱ्यातले लांब पार-4 दोन फटक्यांत गाठता आले नाहीत, तर एवढा खर्च करून दिवसभर नुसतं लेअप करत, म्हणजे मुद्दाम अलीकडे चेंडू टाकत बसाल. दोनच राउंड परवडत असतील तर हा आणि नॉर्मनचा, बाकी सोडून द्या.

खर्चाची बोलणी करताना ग्रीन फीमध्ये, म्हणजे कोर्सच्या शुल्कात, कॅडी (बॅग सांभाळणारा मदतनीस), बग्गी आणि कर धरले आहेत का, बग्गी एकट्याची की दोघांत, हे विचारा. कॅडी सगळीकडे सक्तीची आणि प्रत्येकी एक. टिप वेगळी, रोख, 18 होलना 3 ते 5 लाख दोंग. एक लाख दोंग म्हणजे साधारण सव्वातीनशे-साडेतीनशे रुपये. वीस हजार आणि पाच लाखाच्या नोटा दोन्ही निळसर असतात, तेव्हा टिपेचे पैसे आदल्या रात्रीच वेगळ्या पाकिटात काढा.

गाडीबाबत एजंट सात सीटची सुचवतो. चार बॅगा ठेवल्या की त्यात चारच माणसं बसतात. आठ जणांना सोळा सीटची व्हॅन लागते.

विमानातही बॅगांचाच प्रश्न. मुंबईहून हनोई किंवा हो ची मिन्ह सिटी, तिथून सव्वा-दीड तासाचं देशांतर्गत उड्डाण. या दुसऱ्या टप्प्याच्या स्वस्त तिकिटात चेक-इन सामान बहुधा नसतं. आधीच घ्या, काउंटरवर फार महाग पडतं. ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारणारा क्लब, त्याचं डोकं काढून सॉक्समध्ये गुंडाळा. रेंजफाइंडरच्या (अंतर मोजायची दुर्बीण) सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानात. ई-व्हिसा एका प्रवेशासाठी 25 डॉलर, अर्ज निदान दोन आठवडे आधी. शाकाहाऱ्यांनी क्लबहाउसमध्ये भाज्यांतही माशाचा सॉस असतो हे लक्षात ठेवून ऑर्डर देतानाच सांगावं, आणि नवव्या होलपर्यंत पुरेल इतकी चिक्की-शेंगदाणे बॅगेत टाकावेत.