साफ झाली, असं मी तीनदा म्हणालो

रायफल साफ झाली असं मी बायकोला तीनदा सांगितलं. पहिल्या दोन वेळा ते खोटं होतं, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

मोसिन-नागांत, मॉडेल १८९१/३०, सोव्हिएत लष्कराची जुनी रायफल. नळीच्या बुडाशी १९४३ साल आणि त्रिकोणातला बाण, म्हणजे इझेव्स्कची. युद्धानंतर सोव्हिएत शस्त्रागारांनी अशा ढीगभर रायफली दुरुस्त केल्या, ग्रीसने माखल्या आणि ठेवून दिल्या. माझ्या हातात आली तेव्हा धरेन तिथे बोटांचे ठसे उमटत होते. रंग जुन्या डिंकासारखा, वास कपडे बदलले तरी न जाणारा.

या चिकट प्रकाराला सगळे सरसकट कॉस्मोलिन म्हणतात. ते खरं तर एका अमेरिकन मालाचं नाव, पण कुठल्याही फोटोकॉपीला आपण झेरॉक्स म्हणतोच की. जात मात्र एकच, पेट्रोलियमची. वर्षानुवर्षं पडून राहिलं की त्यातला उडणारा भाग उडून जातो आणि मागे मेण उरतं. उघड्यावरचं मऊ राहिलं तर पुसलं तरी जातं, पण खाचाखोचांतलं घट्ट बसतं.

पहिल्या दिवशी मी चिंध्या आणि रॉकेल घेऊन बसलो. (पेट्रोल वापरू नका. कोण काय सांगतं ते ऐकूच नका.) दोन तासांत बाहेरून लखलखीत. नळीतून ब्रश फिरवला, आरपार उजेड दिसला, झालं.

रेंजवर आठव्या-नवव्या गोळीनंतर बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा सरकता दांडा, उघडेना. तळहाताने ठोकला तरी हलेना. शेजारी एक वयस्कर काका होते. त्यांनी आधी नळी समोरच ठेवायला लावली, मग विचारलं, "चेंबर धुतलंस का?"

"हो, धुतलं ना."

"मग परत धू."

चेंबर म्हणजे नळीचं मागचं टोक, जिथे गोळी बसते. मी मनात गोळ्यांना शिव्या घालत होतो. लाखेसारखा लेप दिलेल्या स्टीलच्या केसवर, म्हणजे गोळीच्या कवचावर, खापर फोडायची पद्धतच आहे. दोष चेंबरच्या भिंतीवरच्या पातळ थराचा होता. रायफल थंड असताना तो कडक असतो, कळतही नाही. नळी तापली की सुटतो आणि रिकामी केस गोंदासारखी धरून ठेवतो.

तेव्हा कुठे उमगलं, की या ग्रीसशी जोर करण्यात अर्थ नाही, त्याला तापवायचं. पन्नास अंशांच्या आसपास ते पाघळतं. लाकडी दस्ता वेगळा केला आणि नळी तिरकी धरून चेंबरच्या बाजूने नरसाळ्यातून उकळतं पाणी ओतलं. दुसऱ्या टोकाने आधी पिवळट, मग तपकिरी धार आली. मी स्वच्छ समजत होतो त्याच नळीतून! मग नळीच्या ब्रशपेक्षा जाड असा, शॉटगनचा ब्रश घेऊन चेंबर घासलं. तापलेलं लोखंड आपोआप वाळतं, पण लगेच तेल लावा. मी फोन घ्यायला उठलो तेवढ्यात एका कडेला तांबूस छटा आलीच.

ते पाणी मी मोरीत ओतलं. हा माझा सगळ्यात मोठा मूर्खपणा. थंड झाल्यावर ते पाइपात पुन्हा मेण झालं. तेव्हा बायको जे म्हणाली ते इथे लिहीत नाही.

दस्त्याला उकळतं पाणी नको आणि स्पिरिट तर नकोच, त्यावरचं शेलॅक स्पिरिटमध्ये विरघळतं. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून कडक उन्हात ठेवला. तासाभरात लाकडाला घाम फुटल्यासारखे थेंब. पुसायचं, पिशवी बदलायची, पुन्हा ऊन. चार दिवस हेच. चौथ्या दिवशी खालून लालसर लाकूड दिसलं आणि मी उगीचच त्यावर हात फिरवत बसलो.

"साफ झाली," मी म्हणालो. ही दुसरी वेळ.

बोल्ट राहिलाच होता. तोही मी बाहेरूनच पुसला होता. उघडून फायरिंग पिन, म्हणजे गोळीच्या बुडावर आपटून ती उडवणारी सळई, आट्यांवरून सोडवली, तर स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये भुरकट मेण ठासलेलं, काडीने कोरून काढावं लागलं. मोसिनमध्ये यामुळे पिनचा मार हलका बसतो, गोळी उडत नाही, एवढ्यावर भागतं. एसकेएस, म्हणजे दुसरी एक सोव्हिएत रायफल, असेल तर मात्र हसण्यावारी नेऊ नका. बहुतेक एसकेएसमध्ये पिन मोकळी असते. ती ग्रीसमध्ये पुढे अडकली, तर बोल्ट मिटतानाच गोळी उडू शकते, चापाला बोट न लावता, आणि एकामागून एक. बोल्ट कानाशी धरून हलवला की पिन खुळखुळली पाहिजे.

जोडताना पिनच्या मागच्या टोकाची खाच आणि कॉकिंग पीसवरची (पिन मागून ज्यात आटते तो तुकडा) रेघ एका ओळीत आणायची. मग पुढे पिन किती डोकावते ते रायफलबरोबर मिळणाऱ्या अवजारावरच्या खाचांनी मोजायचं. ९५ची खाच पिनवरून निसटून गेली पाहिजे, ७५ची अडली पाहिजे. माझी दोन्हीकडे अडली. पिन अर्धा आटा फिरवली, तेव्हा बसली.

परवा साठ गोळ्या झाल्या, बोल्ट दोन बोटांनी उघडत होता. घरी येऊन तिसऱ्यांदा सांगितलं. बायकोने नुसतं माझ्या शर्टाच्या खांद्याकडे बोट दाखवलं. खांद्याला टेकणाऱ्या बटप्लेटच्या, म्हणजे दस्त्याच्या टोकाच्या पत्र्याच्या, स्क्रूजवळून एक पिवळा ओघळ आला होता.