मिसळ राहिली बाजूला

आज सकाळी गंगापूर रोडला मिसळ खायला जमलो आणि विषय एकच, आपल्या मुंबई सिटीची (आयएसएलची फुटबॉल टीम) कोलकात्याची अवे मॅच. समोर मोहन बागान, तेही त्यांच्याच सॉल्ट लेक स्टेडियमवर, म्हणजे ड्रॉ झाली तरी चालेल असं अर्ध्या पोरांचं म्हणणं, मला नाही पटलं. अरे १५ एप्रिल २०२४ ला तिथेच २-१ ने हरून लीग शील्ड (लीगमध्ये पहिलं येणाऱ्याची ट्रॉफी) घालवली आणि ४ मेला त्याच ग्राउंडवर फायनलला आधी गोल खाऊनसुद्धा ३-१ ने कप उचलला की! गोल मारले दियाझ, बिपिन, शेवटी वोयतुसने. मग आत्ताच कशाला टरकायचं?
बाकी नाशिकरोडहून हावडा लांब पडतं, सुट्टी कोण देणार, त्यामुळे मित्राच्या गच्चीवर प्रोजेक्टर. सातपूरचा एक बागानवाला पण येतोय (येऊ दे, मजा येते), त्याला सांगितलंय, रिझल्ट काहीही लागो, रसगुल्ले तूच आणायचे.